‘स्वाइप’ला मराठी नाम नको, क्रियापद द्या

आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दोन तास मी ज्येष्ठ मंडळींना मोबाइल शिकवते, तीन वर्षं झाली आता. पंधरा-वीस जण असतात, बहुतेकांच्या हातात मुलाचा नाहीतर सुनेचा जुना झालेला फोन. शिकवलेलं घरी गेल्यावर विसरायला होतं म्हणून यंदा ठरलं की मोठ्या अक्षरात एक पानी पत्रक छापून द्यायचं. लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली. ओळ काय, तर आलेला फोन उचलायचा कसा. समितीतले एक जण म्हणाले सरळ ‘वर स्वाइप करा’ लिहा, सगळं जग स्वाइप म्हणतं, आपणच काय वेगळे. दुसरे आमचे गुरुजी, उभा जन्म मराठी शिकवण्यात गेलेला, ते म्हणाले ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आपल्याला एक साधा प्रतिशब्द सुचू नये? त्यांनी ‘अंगुलिसर्पण’ सुचवला. मग ‘अपसरण’ आला, मग ‘हे कोण म्हणणार’ आलं, मग बटाटा आणि पगार हे शब्द पोर्तुगीज आहेत हे आलं, मग शिवाजी महाराजांनी करून घेतलेला राजव्यवहारकोश आला. पाऊण तास गेला आणि पत्रक कोरंच.

हाच वाद मी हल्ली लग्नाच्या पंगतीत ऐकते, ट्रेनमध्ये ऐकते, सगळीकडे तो याच दोन रुळांवरून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दोन्ही बाजू एकच चूक करतायत. दोघांनाही एक नाम हवंय, एकाला इंग्रजी नाम आणि एकाला संस्कृत नाम, आणि दोघेही त्याच्यामागे ‘करा’ लावून मोकळे होणारेत. स्वाइप करा नाहीतर अंगुलिसर्पण करा. पण स्वाइप ही वस्तूच नाहीये, ती हाताची हालचाल आहे, आणि हाताच्या हालचालीला मराठीत नाम कधी लागलेलंच नाही, तिथे क्रियापद लागतं. ते आपल्याकडे एक सोडून दहा आहेत. सरकवा, सारा, ओढा, ढकला, झटका, चाळा. ‘स्वाइपला मराठी शब्द काय’ हा प्रश्नच चुकीचा मांडला गेलाय, खरा प्रश्न आहे ‘बोटाने काय करायचं ते मराठीत कसं सांगायचं’, आणि हा प्रश्न असा मांडला की अर्धा वाद जागच्या जागी मिटतो.

आधी या इंग्रजी शब्दाकडे बघू, कारण त्याचं पूर्वायुष्य फार उपयोगाचं आहे. टचस्क्रीन यायच्या कितीतरी आधी इंग्रजीत स्वाइप म्हणजे हात फिरवून मारलेला सपकारा, क्रिकेटमध्येही आडव्या बॅटने घुमवलेल्या फटक्याला स्वाइप म्हणायचे, आणि बोलीत त्याच शब्दाचा अर्थ हातोहात लांबवणं, चोरणं असाही आहे. नंतर मॅग्नेटिक पट्टीची कार्डं आली तेव्हा तो शब्द खाचेतून कार्ड ओढण्याला लागला आणि मग काचेवरच्या बोटाला. टॅप म्हणजे हलकेच ठोकणं, पिंच म्हणजे चिमटा, स्क्रोल म्हणजे तर चामड्याची किंवा कागदाची जुनी गुंडाळी. म्हणजे इंग्रजी माणसाने टचस्क्रीन आल्यावर लॅटिनचा कोश उघडला नाही, त्याने घरातले, मैदानातले, हाताच्या सवयीचे शब्द उचलले आणि नव्या कामाला लावले. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ‘स्वाइप’ म्हटलं की हात कसा फिरतो ते डोळ्यासमोर येतं. आमच्या वर्गातल्या आजींना ‘स्वाइप’ म्हटलं की फक्त एक आवाज ऐकू येतो. उसना शब्द येताना आवाज घेऊन येतो, चित्र मागे ठेवून येतो. चित्र ज्याचं त्याला पुन्हा काढायला लागतं, आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याला ते कोणीतरी काढून दाखवेपर्यंत येत नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतात, मराठीने कायम उसने शब्द घेतले आणि त्यात तिचं काही बिघडलं नाही. खरंय, शंभर टक्के खरं. चावी, बादली, साबण, इस्त्री, पगार, बहुतेक पोर्तुगीजांकडून आलेले, आणि आज त्यांना परकं म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. पण हे शब्द नीट बघा हो. वस्तू आली, वस्तूचं नाव आलं, पण त्या वस्तूचं हाताने काय करायचं ते क्रियापद आलं का? चावी आपण ‘फिरवतो’. बादली ‘भरतो’ आणि ‘ओततो’. साबण ‘लावतो’ आणि ‘चोळतो’. इस्त्री ‘फिरवतो’. पगार ‘उचलतो’. नाव त्यांचं आणि हात आपला, असा हा चारशे वर्षांचा व्यवहार आहे. तो मला पूर्ण मान्य आहे आणि मी त्याच्याच बाजूने बोलतेय. फोन म्हणा, स्क्रीन म्हणा, ॲप म्हणा, नोटिफिकेशन म्हणा, माझी काही हरकत नाही, ‘भ्रमणध्वनी’ लग्नपत्रिकेवर छापतात तेवढंच पुरे. पण स्क्रीनवर बोटाने जे घडतं ते इस्त्री फिरवण्यासारखं आहे, इस्त्रीसारखं नाही.

यावर कोणी म्हणेल क्रियापदंही आली की. बदलणे, फर्मावणे ही अरबी-फारसीतून आलेलीच आहेत. आणि माफ करणे, कबूल करणे, सुरू करणे ही तर थेट ‘करणे’ लावून आली, मग ‘स्वाइप करणे’नेच काय पाप केलं? हा मुद्दा मला बरेच दिवस छळत होता, कारण तो बरोबर आहे. पण यादी जरा लांबवून बघितली की एक गोष्ट लक्षात येते. माफ, कबूल, सुरू, मंजूर, रद्द, जप्त ही सगळी दरबारातली, कचेरीतली, मनातली कामं आहेत. त्यांना रूप नसतं, ती डोळ्याने दिसत नाहीत, म्हणून तिथे नाव घेऊन ‘करणे’ चिकटवलं तर चालून जातं. पण हाताची कामं बघा, उचलणे, ठेवणे, ओढणे, पिळणे, सोलणे, निवडणे, वळणे, चोळणे, खुपसणे, उपटणे, या खात्यात पाचशे वर्षांच्या फारसी कारभारालाही फारसा शिरकाव मिळालेला नाही. तांदूळ निवडायला, वाती वळायला, धुणं पिळायला मराठी बाईने दरबारातून शब्द मागवला नाही. मग काचेवर बोट फिरवायला कुठूनतरी मागवायची गरज आत्ताच का पडावी?

टेलिफोनचंच उदाहरण घ्या, ते तर आपल्या डोळ्यासमोर घडलंय. फोन आल्यावर ‘डायल’ला मराठी शब्द काय म्हणून सर्वसामान्य माणूस अडून बसला नाही. चकतीचा फोन होता, भोकात बोट घालून चकती फिरवायची, तर लोक ‘नंबर फिरवला’ म्हणायला लागले. बटणं आली, नंबर ‘दाबला’. आणि या सगळ्यात ‘फोन लावला’ कायम राहिला, कारण दिवा लावतो, रेडिओ लावतो, दार लावतो तसाच फोन लावतो. आलेला फोन ‘उचलतो’ आणि बोलून झाल्यावर ‘ठेवतो’, आज उचलायला आणि ठेवायला रिसीव्हर उरलेला नाही तरीही. मतदानाचंही तेच. कागदी मतपत्रिका होत्या तोवर प्रचारात ‘शिक्का मारा’ होतं, २००४ च्या लोकसभेला देशभर मतदान यंत्रं आली आणि भिंतींवर ‘बटण दाबा’ आलं. कोणी कोश काढला? कोणी परिसंवाद घेतला? बँकेच्या काचेच्या दारावर अजून ‘ढकला’ आणि ‘ओढा’ चिकटवलेलं असतं, रेल्वेच्या डब्यात ‘साखळी ओढा’ लिहिलेलं असतं. समजा उद्या त्या दारावर ‘पुश करा’ लिहिलं आणि साखळीखाली ‘कर्षण करा’ लिहिलं, तर दोन्ही तितकंच वाईट नाही का?

आणि स्वाइपच्याच बाबतीत लोकांनी एकदा उत्तर देऊन झालेलं आहे, ते आपण विसरलो. दुकानात मशीनच्या खाचेतून कार्ड ओढायचे तेव्हा कित्येक जण ‘कार्ड घासलं’ म्हणायचे, अजूनही म्हणतात, ‘कार्ड घासून घासून महिनाअखेरीला काही उरत नाही’. कुठल्या समितीने दिला हा शब्द? कोणीच नाही. खाच दिसली, त्यात पट्टी घासली जाते हे दिसलं, आणि शब्द तोंडातून आला. आता चिपचं कार्ड आत सारायचं असतं नाहीतर नुसतं टेकवायचं असतं, घासणं मागे पडेल, काही बिघडत नाही, हालचाल बदलली की क्रियापद बदलतं.

गुरुजींच्या बाजूवरही बोललं पाहिजे, कारण त्यांची कळकळ खोटी नाही आणि त्यांचा इतिहासही खोटा नाही. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करून घेतला, १४०० च्या आसपास शब्द होते त्यात, सगळा कारभार फारसीत बुडालेला असताना. मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनौबताचा सेनापती झाला, डबीराचा सुमंत झाला. सावरकरांनी दिलेले महापौर आणि दिनांक आज कोणाला खटकत नाहीत. भाषा संचालनालय १९६० ला स्थापन झालं, नंतर पदनाम कोश निघाला, त्याची पुष्कळ चेष्टा झाली, पण जिल्हाधिकारी म्हणताना आज कोणाची जीभ अडखळत नाही. म्हणजे ‘घडवलेले शब्द टिकतच नाहीत’ हे जे सरसकट म्हणतात ते चुकीचं आहे. पण टिकले ते कुठले? पदं, कार्यालयं, कागदावरच्या गोष्टी. ज्यांच्यामागे शासनाचा शिक्का असतो आणि ज्या रोज लिहाव्या लागतात. आणि तिथेही सगळे टिकले नाहीत, सावरकरांनी कायद्याला ‘निर्बंध’ सुचवला होता, लोकांनी कायदाच ठेवला आणि निर्बंध वेगळ्याच कामाला लावला. कागद, अर्ज, फिर्याद, जमीन हे तर हललेसुद्धा नाहीत. आता मला सांगा, पदाचं नाव वरून देता येतं, पण आजीच्या बोटाची हालचाल वरून कशी देणार? कुठल्या जीआरने ती ‘अंगुलिसर्पण’ म्हणणार?

‘अंगुलिसर्पण करा’ आणि ‘स्वाइप करा’ यांच्यात मला फरक दिसत नाही तो याचसाठी. दोन्हीत खरं काम नामाने अडवून ठेवलंय आणि क्रियापद बिचारं ‘करा’ म्हणत हमाली करतंय. फोनची भाषा मराठी निवडून बघा, टॅप करा, स्वाइप करा, निवड करा, प्रविष्ट करा, सुरू करा, बंद करा, सगळीकडे करा. ‘निवडा’ असताना ‘निवड करा’ का? ‘भरा’ किंवा ‘लिहा’ असताना ‘प्रविष्ट करा’ का? एकेकाळी मराठी संकेतस्थळांवर ‘इथे क्लिक करा’ऐवजी ‘इथे टिचकी मारा’ लिहायची पद्धत पडली होती, मला ती अतिशय आवडायची, कारण त्यात ‘करा’ नव्हतं, ‘मारा’ होतं, आणि टिचकी म्हटलं की बोट आपोआप हलतं. ‘टंकणे’ तसंच रुजलं, निदान लिहिणाऱ्यांमध्ये. ‘गुगलून बघ’ तर आता सगळेच म्हणतात. त्यामुळे इंग्रजीच घ्यायचं असेल तर ‘स्वाइपणे’ घ्या की बेधडक, ‘वर स्वाइपा’, त्याला मराठीचे प्रत्यय लागतील, ते बदलणे-फर्मावणेच्या रांगेत जाऊन बसेल. ‘स्वाइप करणे’पेक्षा ते जास्त मराठी आहे असं माझं मत आहे.

आता तांत्रिक आक्षेप, आणि हा माझ्या भाच्याने घेतला, तो ॲप बनवण्याच्या कामात आहे. तो म्हणाला मावशी, तुझं ‘सरकवणे’ फार ढोबळ आहे, आमच्याकडे स्वाइप वेगळं, ड्रॅग वेगळं, फ्लिंग वेगळं, पॅन वेगळं, प्रत्येकाचं मोजमाप वेगळं, बोट किती वेगाने गेलं आणि कुठे उचललं यावर ठरतं, तुम्ही सगळ्याला सरकवाच म्हणणार. हे मान्य. त्याच्या कामात त्याने इंग्रजी संज्ञाच वापराव्यात, कोडमध्ये मराठी आणायचा माझा हट्ट नाही. पण मराठी ढोबळ आहे हे मात्र मान्य नाही. कॅरम खेळलेल्या कुठल्याही पोराला विचारा. स्ट्रायकर ‘मारणं’ आणि स्ट्रायकर ‘ढकलणं’ यात काय फरक आहे यावरून आम्ही लहानपणी एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात. बोट काचेला चिकटूनच ठेवून वस्तू दुसरीकडे नेली तर ती ‘ओढली’. ठरावीक वाटेने नेली, कडीसारखी, तर ‘सरकवली’. नको म्हणून एका बाजूला केली तर ‘बाजूला सारली’. जोरात सोडून दिली आणि ती आपली आपण पुढे गेली तर ‘भिरकावली’ किंवा ‘टिचकीने उडवली’. वरखाली करत नुसती नजर टाकत गेलो तर ‘चाळली’, पेपर चाळतो तशी. पोथीचं पान उलटतो तसं केलं तर ‘उलटलं’. भाच्याच्या यादीत चार शब्द होते, माझ्या यादीत आत्ता न आठवता सहा झाले. आणि पडदा बाजूला सारणं हा तर आपला रोजचा वाक्प्रयोग आहे, स्क्रीनला आपण सिनेमाच्या काळापासून पडदाच म्हणत आलोय, इतका अचूक शब्द हातात असताना ‘शब्द नाही’ म्हणून रडायचं कारण काय?

कडीवरून आठवलं. ९ जानेवारी २००७ ला पहिला आयफोन दाखवला गेला तेव्हा त्याच्या कुलूपपडद्यावर एक खाच होती, त्यात एक बाण होता, आणि शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं स्लाइड टू अनलॉक. पुढे या एका हालचालीवरून कंपन्यांमध्ये देशोदेशी खटले चालले. लंडनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये आणि जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ॲपलचं त्यावरचं पेटंट रद्दबातल ठरवलं, कारण स्वीडनच्या निओनोड कंपनीच्या फोनवर बोट सरकवून कुलूप काढायची सोय आधीच होती. अमेरिकेत मात्र २०१६ ला निकाल ॲपलच्या बाजूने गेला, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी ॲपलने ती सरकवायची सोय आपल्या फोनवरून काढूनही टाकली. हे सगळं वाचताना मला सारखी आमच्या जुन्या घराची कडी दिसत होती. आडवी लोखंडी कडी, बोटाने सरकवली की दार उघडायचं. ‘कडी सरकव गं’ हे वाक्य आईच्या तोंडून मी हजारदा ऐकलंय. ती खाच आणि तो बाण ही काचेवर काढलेली कडीच होती, आणि तिच्यासाठीचं क्रियापद आपल्या दारामागे पिढ्यान्‌पिढ्या लटकत होतं.

सगळ्यात जड आक्षेप मात्र वर्गातच मिळाला, आणि तो मी लपवणार नाही. आमच्याकडच्या एका काकांना फोन आला, त्यांनी फोन टेबलावर ठेवलेला, मी म्हटलं ‘काका, वर सरकवा’. त्यांनी अख्खा फोनच टेबलावरून वर सरकवला. सगळे हसले, काका ओशाळले, मला वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हती. सरकवणे सकर्मक क्रियापद आहे, ते ‘काय?’ असं विचारतं, आणि मी त्याला काही दिलंच नव्हतं, म्हणून समोर जी वस्तू होती ती त्यांनी सरकवली. समितीतल्या त्या गृहस्थांनी लगेच मुद्दा पकडला, बघा, स्वाइप म्हटलं असतं तर असा घोळ झाला नसता. नसता झाला, बरोबर, कारण स्वाइप म्हटलं असतं तर काकांनी काहीच केलं नसतं, नुसतं माझ्याकडे बघितलं असतं. मराठी क्रियापद कर्म मागतं ही त्याची कमजोरी नाही, ते सांगणाऱ्याला नेमकं बोलायला लावतं. काय सरकवायचं, कुठून कुठे, किती जोरात. पुढच्या खेपेला मी म्हटलं ‘ते हिरवं गोल दिसतंय ना, त्याच्यावर बोट टेका आणि तसंच वर ढकला’. काकांनी ढकललं आणि पलीकडून मुलीचा आवाज आला. त्यांना संज्ञा नको होती, एक पूर्ण वाक्य हवं होतं.

शब्द चुकला की काय होतं हे मी ‘दाबा’वरून शिकलेय. आम्ही सुरुवातीला टॅपला सरसकट ‘दाबा’ म्हणायचो, बटणाच्या काळापासूनची सवय. आणि बायका जीव खाऊन दाबायच्या, अंगठ्याने, नखाने, आणि ॲप उघडायच्या ऐवजी थरथरायला लागायचं नाहीतर काढून टाकायचा मेन्यू यायचा, कारण दाबून धरलं की फोनला ती वेगळी आज्ञा वाटते. जुने काडीने टोचायचे टचस्क्रीन दाबानेच चालायचे, वरचा थर खालच्या थराला टेकवावा लागायचा, तिथे दाबा बरोबर होतं. आत्ताची काच दाब मोजतच नाही, बोटातून वीज वाहू शकते त्यामुळे काचेखालचं विद्युतक्षेत्र बदलतं आणि ते तिला कळतं. म्हणून तिथे ‘दाबा’ हा शब्दच चुकीचा आहे. ‘बोट टेकवा आणि लगेच उचला’ म्हणायला लागल्यापासून हा त्रास निम्म्याने कमी झाला. शेतात राबलेल्या, घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटांना काच बऱ्याचदा दाद देत नाही, तो माणूस आणखी जोर लावतो, ‘दाबा’ म्हणणारा त्याला आणखी चुकीच्या वाटेला लावतो. म्हणून तर म्हणते, हा भाषेच्या अभिमानाचा प्रश्न नंतर, आधी तो समोरच्या माणसाला जमतंय की नाही याचा प्रश्न आहे.

आमच्या वर्गाला एक निवृत्त शिक्षिका येतात, त्यांची दृष्टी जवळजवळ गेलीय. त्या टॉकबॅक वापरतात, म्हणजे फोन बोलून दाखवतो. तिथे बोट हळू फिरवलं तर बोटाखाली काय आहे ते ऐकू येतं, आणि पटकन उजवीकडे नेलं तर पुढच्या गोष्टीवर जातं. दोन्ही वेळा बोट काचेवरून जातंच, फरक फक्त वेगाचा. त्यांना मी दाखवू शकत नाही, माझ्याकडे शब्दांशिवाय काही नाही. ‘उजवीकडे स्वाइप’ सांगून चार रविवार गेले, बोट निवांत जायचं आणि भलतंच काहीतरी ऐकू यायचं. मग एकदा तोंडातून निघून गेलं, ‘बाई, सर्रकन न्या, सर्रकन’. जमलं. अलगद, हळूच, झटकन, सर्रकन, हे जे शब्द आपण कवितेत आणि गोष्टीत ठेवून दिलेत ते खरं म्हणजे हालचाल सांगायची मापं आहेत. जिच्या डोळ्यांना पडदा दिसत नाही तिला त्यातलं एक माप पुरलं. हे मराठीत आहे आणि ते सूचनेत वापरलं जात नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

मग स्वाइप हा शब्द हद्दपार करायचा का? अजिबात नाही. एक अर्थ असा आहे जिथे तोच पाहिजे. टिंडर हे जोडीदार शोधायचं ॲप २०१२ मध्ये आलं, पसंत असेल तर फोटो उजवीकडे, नापसंत असेल तर डावीकडे, आणि त्यातून ‘राइट स्वाइप’, ‘लेफ्ट स्वाइप’ हे पसंती-नापसंतीचे शब्द झाले. पोरं आता नोकरीच्या जाहिरातीलासुद्धा ‘लेफ्ट स्वाइप केला’ म्हणतात. तिथे बोटाची हालचाल उरलेलीच नाही, एक सबंध काळ आणि त्यातली माणसं निवडायची रीत त्या शब्दात बसलीय. तिथे ‘डावीकडे सारलं’ म्हणणं म्हणजे अर्थ पुसून टाकणं. ते नाम आहे, चावीसारखं, पगारासारखं, ते घ्या. आणि फोनवर स्वाइप लिहिलेलं दिसतंय तोवर शिकवतानाही तो शब्द ओळखीचा करून द्यावाच लागतो, मी देते, ‘फोन स्वाइप म्हणेल तेव्हा त्याला असं म्हणायचंय’ म्हणून. पण फोनवरची मराठी लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की एकेका शब्दाचा प्रतिशब्द शोधू नका, वाक्य मराठीत विचार करून लिहा. जागा पुरत नाही म्हणाल तर ‘वर सरकवा’ दोन शब्द आहेत, ‘वर स्वाइप करा’ तीन. लोकलच्या गर्दीत ‘जरा सरका की’ आणि एसटीत ‘पुढे सरका’ ऐकत मोठ्या झालेल्या महाराष्ट्राला सरकणं शिकवावं लागणार नाही.

पत्रक शेवटी कसं झालं ते सांगते. गुरुजींनी अंगुलिसर्पण मागे घेतलं, ते मोठ्या मनाचे आहेत, उलट ‘सारणे’ची आठवण त्यांनीच करून दिली. स्वाइपवाल्या गृहस्थांचाही मान राखला, कोपऱ्यात छोट्या चौकटीत फोनचे इंग्रजी शब्द दिले. एकच ओळ अडली होती, फोटो मोठा करून बघायची. पिंच, झूम, चिमटा, काही बसेना, कारण चिमटा म्हटलं की बोटं जवळ येतात आणि इथे लांब न्यायची. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक आजी, ज्या वर्गात सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, ‘अगं, रांगोळीची चिमूट सोडतो ना, तशी सोडायची काचेवर’. आणि त्यांनी नातवाच्या फोटोवर अंगठा आणि बोट टेकवून चिमूट सोडून दाखवली. पत्रकात ती ओळ आम्ही तशीच छापली.